विषय: घाटंजीच्या शाळेसाठी पुस्तकं, कोणत्या पातळीची?

पुस्तक-निधी समिती, टोरांटो

नमस्कार मंडळी,

घाटंजी तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेला पुस्तकं द्यायचं ठरलंच आहे. चौथी-पाचवीतली काही मुलं वाचनात फार मागे आहेत, दोघांकडे अध्ययन अक्षमतेचं (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या कायमच्या अडचणीचं) प्रमाणपत्रही आहे, असं तिथल्या सरांनी कळवलं. माझ्या लेकीच्या शाळेत सोप्याकडून अवघडाकडे जाणारी, ए ते झेड पातळ्यांची पुस्तकं असतात. तसे मराठी संच करून प्रत्येक वर्गाला एकेक द्यावा का? बाई, तुम्ही यवतमाळ जिल्ह्यात विशेष शिक्षिका होतात, तुमचं मत कळवा.

उत्तर

दादा,

पुस्तकं जरूर द्या, पण वर्गवार संच नको. पाचवीतलं पोर दुसरीच्या पातळीवर वाचत असेल तर पाचवीचा संच त्याच्या काय कामाचा? सगळ्या पातळ्या एकाच कपाटात असू द्या. मुलाचं वाचन ऐकायचं. शंभर शब्दांत दहाहून जास्त ठिकाणी अडलं, तर खालच्या पातळीचं पुस्तक द्यायचं. 'मला'च्या जागी 'मले' वाचलं, तर ते मात्र चुकीत धरू नये. वाक्य समजलं म्हणूनच ते घरच्या बोलीत उतरलं. घरी कोलामी किंवा गोंडी बोलणारं मूल मराठी वाचनात मागे असेल, तर तेवढ्यावरून त्याला अक्षमता आहे असंही ठरवू नये.

स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं फुकट मिळतात, छापताही येतात. तिथे चार पातळ्या आहेत, पहिल्या पातळीत साधारण अडीचशेपर्यंत शब्द. पण आपल्या मुलांची अडचण शब्दसंख्येत नसते. चार शब्दांच्या पानावर एक 'स्वच्छ' आला की संपलं. माझ्याकडे पाचवीतला एक मुलगा 'किती'ला 'तिकी' म्हणायचा. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते आणि उच्चारात नंतर येते, तिथेच त्याचं बोट थांबायचं. घ-ध, भ-म यांची अदलाबदल रोजचीच. एकदा गाय-वासराचं चित्र असलेल्या पानावर 'वासरू' लिहिलेलं असताना त्याने न अडखळता 'गाय' वाचलं. चित्रावरून अंदाज बांधून अशी मुलं वर्षानुवर्षं निभावून नेतात आणि आपल्याला वाटतं, येतंय की! अशा मुलाला अक्षर आणि आवाज यांची जोडी थेट शिकवावी लागते, रोज थोडी थोडी. मग जेवढ्या मात्रा (म्हणजे काना, वेलांटी, उकार अशी सगळी स्वरचिन्हं) शिकवून झाल्या तेवढ्याच असलेलं पुस्तक हाती द्यायचं. जोडाक्षरं पुष्कळ नंतर. मराठी पुस्तकाची पातळी मात्रा आणि जोडाक्षरं बघूनच लावावी, असं माझं ठाम मत आहे.

आणि अकरा वर्षांच्या मुलाला चिऊ-काऊ देऊ नका. वाक्यं छोटी असावीत, पण विषय ट्रॅक्टरचा, कबड्डीचा, आठवडी बाजाराचा असावा. पातळीचा आकडा मुखपृष्ठावर तर नकोच. 'तू अजून पहिलीचंच वाचतो का बे?' हे एका सुट्टीत वर्गभर होतं, आणि मग ते पोर पुस्तकाला हात लावत नाही.

सभासद, सिडनी

बाई, प्रमाणपत्र नसलेल्या मुलांचं काय?

उत्तर

ताई,

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे, पण प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतं. त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं म्हणजे मायबापाची मजुरी बुडते. परीक्षेतल्या सवलतींसाठी तो कागद हवाच, त्याचा पाठपुरावा सोडू नये. पुस्तक द्यायला आणि शिकवायला मात्र त्याची वाट बघायची नाही.

निधीतली मोठी रक्कम छपाईवर न घालता, गावातल्या बारावी झालेल्या एखाद्या मुलीला मानधन द्यावं असं मला वाटतं. तिने रोज एकेका मुलाजवळ बसून वाचन ऐकायचं. कापूस वेचणीत मुलांचे खाडे होतात, तेव्हा संध्याकाळी घरी जाऊनसुद्धा ऐकता येईल. ती नसेल तर पुस्तकं कपाटातच राहतील.

कोणत्या मात्रा शिकवून झाल्या ते सरांना आजच विचारते. पुस्तकांची यादी त्यावरून करू.