चिपळूणचा पूर आणि विद्यापीठांचे काम

विद्यापीठांचे संशोधन प्रबंधातच राहते आणि शहरांच्या उपयोगी पडत नाही, हे नेहमी ऐकू येणारे म्हणणे काही अंशी खरे असले, तरी माझ्या मते दोष संशोधनाचा नसून ते मागवणारी यंत्रणा नसल्याचा आहे. चिपळूणचेच पाहा. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर सह्याद्रीतील मुसळधार पाऊस, वाशिष्ठीच्या पात्रातील गाळ, कोयनेच्या वीजनिर्मितीनंतर याच नदीत येणारे अवजल आणि खाडीची भरती, अशी अनेक कारणे चर्चेत आली. परंतु प्रत्येकाचा वाटा किती, हे मोजल्याखेरीज गाळ कुठून काढावा आणि पूररेषा कुठे आखावी, यांवरचे वाद मिटणार नाहीत. हे मोजमाप एखाद्या ठेकेदाराच्या अहवालाने होणारे नाही, त्याला वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात. स्थानिक अभियांत्रिकी महाविद्यालयांनी जिल्ह्यातील प्रश्न अभ्यासावेत, ही राज्य सरकारच्या उन्नत महाराष्ट्र अभियानाची कल्पना इथे अगदी चपखल बसते. विद्यार्थ्यांनी दर पावसाळ्यात शहरातील वहाळांची (ओढ्यांची) पातळी भरतीच्या वेळांसह नोंदवावी, आणि बांधकाम परवानगी देताना त्या नोंदी पाहणे नगर परिषदेवर बंधनकारक असावे, एवढी मागणी तरी आपण लावून धरली पाहिजे.