एका क्वेरीतला डेटा दुसऱ्या क्वेरीत वापरायचाय, कोड न लिहिता (पॉवर क्वेरी)

फॅट_एसएनएफ
एक्सेल 365. दूध संकलनाची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी फाइल) पॉवर क्वेरीत, म्हणजे एक्सेलमधल्या डेटा आणून साफ करायच्या साधनात, घेतली आहे: तारीख, सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), रक्कम. साफसफाईच्या अकरा स्टेप्स आहेत. याच डेटावरून दहा दिवसांचं सभासदवार बिल आणि रोजचं एकूण लिटर, असं दोन्ही हवंय. सध्या क्वेरी डुप्लिकेट केलीय, पण एका जागी दुरुस्ती केली की दुसरीकडेही करावी लागते. सभासदांची नावं वेगळ्या शीटवर आहेत, तीही बिलात आणायचीत. पॉवर क्वेरीची एम ही कोड लिहायची भाषा येत नाही. नुसत्या माउसने जमेल का?

स्टेप_मागे_स्टेप
जमेल. डुप्लिकेट म्हणजे अकरा स्टेप्सची झेरॉक्स. मूळ बदललं तरी झेरॉक्स तशीच राहते. तुम्हाला हवाय रेफरन्स. एडिटरमध्ये डावीकडच्या यादीत मूळ क्वेरीवर राइट क्लिक, मग रेफरन्स. नव्या क्वेरीत एकच स्टेप दिसेल, सोर्स, आणि तिच्यात फक्त मूळ क्वेरीचं नाव. असं दोनदा करा. एकीत सभासद क्रमांकावर ग्रुप बाय (सारख्या ओळी एकत्र करून बेरीज), दुसरीत तारखेवर.

मूळ क्वेरीतच साफसफाईच्या खाली ग्रुप बाय करून बसला असाल तर त्या ग्रुप बायच्या स्टेपवर राइट क्लिक करून एक्स्ट्रॅक्ट प्रीव्हियस घ्या. वरच्या सगळ्या स्टेप्स नव्या क्वेरीत जातात आणि जुनी आपोआप तिच्यावर टेकते.

बाहेर पडताना नुसतं क्लोज अँड लोड दाबू नका, सगळ्याच नव्या क्वेऱ्या शीटवर उतरतील. क्लोज अँड लोड टू, मग ओन्ली क्रिएट कनेक्शन (क्वेरी राहते, शीटवर काही उतरत नाही). त्यानंतर उजवीकडच्या पट्टीत फक्त बिल आणि रोजचं लिटर यांवर राइट क्लिक, लोड टू, टेबल.

मूळ क्वेरीचं नाव खुशाल बदला, खालच्या क्वेऱ्या ते उचलतात. पण तिच्यातल्या रकान्याचं नाव बदललंत तर खालची क्वेरी तो रकाना सापडत नाही म्हणून अडते.

रकाना_सात
नावांसाठी: सभासद यादीला कंट्रोल+टी करून टेबल करा, मग डेटा टॅबवरून फ्रॉम टेबल/रेंज. ही वेगळी क्वेरी, तीही कनेक्शनपुरती. मग बिलाच्या क्वेरीत होम टॅबवर मर्ज क्वेरीज (दोन क्वेऱ्या जोडणं), दोन्हीकडे सभासद क्रमांकाच्या रकान्यावर क्लिक, जोड लेफ्ट आउटर (बिलातल्या सगळ्या ओळी राहतात, जुळेल तिथे नाव येतं). नवीन रकान्याच्या डोक्यावरच्या दोन बाणांवर क्लिक करून फक्त नाव निवडा आणि 'मूळ रकान्याचं नाव आधी लावा' ही टिक काढा.

ओके दाबण्याआधी खिडकीच्या तळाची ओळ वाचा. 152 पैकी 148 जुळल्या असं काही दिसलं तर चार सभासद बिनानावाचे राहणार. कारण बहुतेक वेळा एकच: सीएसव्ही उघडताना पॉवर क्वेरी स्वतःहून चेंज्ड टाइप स्टेप घालते आणि 0012 चा 12 करते, यादीत मात्र 0012 मजकूर म्हणून बसलेला असतो. त्या स्टेपमध्ये क्रमांकाचा प्रकार टेक्स्ट करा, दोन्हीकडे. शेवटी रिकामी जागा असेल तर ट्रिम. न जुळलेले कोण ते बघायला जोड तात्पुरती लेफ्ट अँटी करा.

आणि यादीत एकच क्रमांक दोनदा असेल तर त्या सभासदाची ओळ दुप्पट होते, म्हणजे बिलही दोनदा. यादीच्या क्वेरीत फक्त क्रमांकाचा रकाना निवडून रिमूव्ह डुप्लिकेट्स. पण आधी कोणतं नाव खरं ते बघा, ते एक्सेलला कळत नाही.

फॅट_एसएनएफ
रेफरन्स जमलं. आता बिलाची पाळी (1 ते 10, 11 ते 20, पुढे महिनाअखेर) दर वेळी फिल्टरमध्ये जाऊन बदलावी लागते. शीटवरच्या सेलमधून घेता येईल?

स्टेप_मागे_स्टेप
येईल, तेही मर्जनेच. मूळ क्वेरीत तारखेवरून वर्ष, महिना आणि दिवस हे रकाने काढा (ॲड कॉलम, डेट). दिवसावर कंडिशनल कॉलम: 10 किंवा कमी तर 1, 20 किंवा कमी तर 2, नाहीतर 3. शीटवर एका ओळीचं टेबल: वर्ष, महिना, पाळी. त्याची क्वेरी करा आणि बिलाच्या क्वेरीत ग्रुप बायच्या आधीच्या स्टेपवर उभं राहून मर्ज करा, जोड इनर (फक्त जुळलेल्या ओळी राहतात). तिन्ही रकाने कंट्रोल धरून दोन्हीकडे एकाच क्रमाने निवडा. डोक्यावर 1, 2, 3 असे बारीक आकडे येतात, ते जुळले पाहिजेत. तिन्हींचा प्रकार दोन्हीकडे होल नंबर. सेल बदला, रिफ्रेश करा, बस.

रकाना_सात
यातच फॉर्म्युला फायरवॉलची (वेगवेगळ्या सोर्सचा डेटा मिसळू न देणारा अटकाव) एरर येऊ शकते. एकच क्वेरी बाहेरची फाइलही वाचते आणि दुसऱ्या क्वेरीचाही आधार घेते, तेव्हा ती अडते. म्हणून फाइल वाचणारी क्वेरी फक्त वाचेल, जोडणं तिसरीत. प्रायव्हसी लेव्हल (सोर्सचा डेटा किती खाजगी ते) विचारली तर दोन्ही सोर्सना ऑर्गनायझेशनल द्या.

रेफरन्स म्हणजे साठवून ठेवलेली प्रत नव्हे, हेही ध्यानात असू द्या. रिफ्रेशला सीएसव्ही एकापेक्षा जास्त वेळा वाचली जाऊ शकते. त्यावर उपाय म्हणून काही जण मूळ क्वेरी शीटवर उतरवून तिथून पुन्हा टेबल घेतात. मग रिफ्रेश ऑल दोनदा दाबावं लागतं, कारण पहिल्या वेळी खालची क्वेरी जुनंच टेबल वाचून मोकळी होते. बिलाच्या कामात हे नकोच.

फॅट_एसएनएफ
पाळी सेलमधून चालतेय. लेफ्ट अँटीत चार निघाले, चारही शून्याने सुरू होणारे क्रमांक.