शब्दचर्चा : ‘बॅकग्राउंड इंटरफिअरन्स’ मराठीत कसं लिहावं?

प्रश्न (बडोदा)
सयाजीराव विद्यापीठात शिकणाऱ्या मराठी मुलांसाठी पेप्टाइडच्या (प्रोटीनच्या छोट्या तुकड्यांच्या) मास स्पेक्ट्रोमेट्रीवर, म्हणजे रेणूंचे आयन (विद्युतभारित कण) करून त्यांचं वस्तुमान मोजण्याच्या तंत्रावर, टिपण लिहिते आहे. घरी मराठी, बाहेर गुजराती, वर्गात इंग्रजी अशी ही मुलं. ‘बॅकग्राउंड इंटरफिअरन्स’साठी ‘पार्श्वभूमी व्यतिकरण’ असं लिहिलं, पण वाचताना अडखळायला होतं. दुसरं काही सुचतं का?

उत्तर
ताई, ‘व्यतिकरण’ काढाच. तो शब्द लहरींचा. दोन प्रकाशलहरी एकमेकींवर पडून उजेड-काळोखाचे पट्टे उमटतात, ते व्यतिकरण. इथे भलत्याच कशाचा तरी आयन पेप्टाइडच्या एम/झेडवर (वस्तुमान भागिले विद्युतभार, यंत्र मोजतं तो आकडा) येऊन बसतो. ‘हस्तक्षेप’ माणसं करतात. मी ‘बाधा’ म्हणेन.

आणि जोडशब्द फोडाच. नमुना न घालता नुसता ब्लँक चालवला तरी जे दिसतं, ती पार्श्वभूमी : हवेतल्या सिलिकोनचा ४४५.१२ एम/झेडचा आयन, प्लास्टिकमधल्या थॅलेटचा ३९१.२८, पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) असेल तर ४४.०३च्या अंतराने लागलेली रांग. हे सगळं बाधक नसतं. ४४५.१२चा तर लॉक मास म्हणून, यंत्राचं मोजमाप जागेवर ठेवायला, उपयोग करतात! त्याला बाधा म्हणणं अन्यायाचं आहे. आपलं पेप्टाइड नेमकं तिथेच उतरलं, तरच बाधा.

आणखी एक प्रश्न
उलटही घडतं. नुसत्या द्रावकाचा ब्लँक स्वच्छ, तरी नमुन्यात बाधा. प्रोटीन कापायला घातलेलं ट्रिप्सिन हे विकर स्वतःलाही कापतं, माल्डीत (लेझरने आयन करायच्या पद्धतीत) ८४२.५१ला त्याचाच तुकडा दिसतो. त्वचेतलं, केसांतलं केराटिन हाताळताना पडतं. तेही प्रोटीन, त्यामुळे त्याची पेप्टाइडं खऱ्या नमुन्यातल्यासारखीच वाटतात. याला ‘भेसळ’ म्हणावं का?

उत्तर
भेसळ मुद्दाम करतात. ‘बाहेरून आलेलं केराटिन’ असं सरळ लिहा, मुलांना लगेच कळेल.

एक राहिलं. आधीच्या विलगीकरणातून पेप्टाइडसोबतच बाहेर पडणाऱ्या दुसऱ्या पदार्थामुळे आपल्या पेप्टाइडचे आयनच कमी तयार होतात. एम/झेड वेगळा, तरी सिग्नल खाली येतो. इथे ‘आयन दबणं’ लिहा. ‘दमन’ फार सरकारी वाटतं.

प्रश्नकर्ती
मग टिपणात असं घालते : ‘ब्लँकमधली पार्श्वभूमी आधी पाहा. तिच्यातलं काही आपल्या पेप्टाइडच्या एम/झेडवर येत असेल, तर तेवढीच बाधा नोंदवा. तसं काही नसताना सिग्नल कमी असेल, तर आयन दबले आहेत का ते तपासा.’