डिझेलच्या टाकीतील पाणी
बोटीवर कायम राहणाऱ्यांना सर्वाधिक त्रास खाऱ्या वाऱ्याचा होतो, असे मत मांडले जाते; ते मला मान्य आहे. परंतु त्यात डिझेलच्या टाकीत साचणाऱ्या पाण्याचा उल्लेख राहून जातो. बेळगावच्या उद्यमबागेत डिझेल इंजिने दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षे गेल्यावर मी एका मोटरयॉटवर (इंजिनावर चालणाऱ्या मोठ्या खासगी बोटीवर) इंजिनाची देखभाल केली. टाकी अर्धी रिकामी राहिली, की हवेतील ओलावा रात्री आतल्या पत्र्यावर जमतो, थेंबाथेंबाने तळाशी उतरतो आणि पाणी व डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्मजीव वाढून फिल्टर तुंबवणारा काळपट, बुळबुळीत गाळ तयार होतो. आमच्या खानापुरात पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, त्याच जातीचा हा ओलावा. म्हणून मुक्काम लांबणार असेल, तर टाकी भरलेली ठेवावी आणि फिल्टरखालच्या वाटीत उतरलेले पाणी रोज सकाळी काढावे.

इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी ओढणाऱ्या पंपातील रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे चाक) कोरडा फिरला, तर थोड्याच वेळात त्याची पाती तुटतात. मी ते तुकडे तळहातावर जुळवून पाती मोजत असे; एकही तुकडा कमी भरला, तर तो हीट एक्स्चेंजरच्या (इंजिनाची उष्णता समुद्राच्या पाण्याला देणाऱ्या भागाच्या) नळ्यांत शोधल्याशिवाय इंजिन सुरू करू नये, ही कळकळीची विनंती. बाकीचा धातू गंजू नये म्हणून स्वतः झिजणारे जस्ताचे तुकडे, म्हणजे अ‍ॅनोड मात्र निम्मे झिजताच बदलावेत.