‘आजीवर गेलीय’ म्हणण्याआधी

कुणीतरी लिहिलंय, मुलगी बुटकी असली तरी हुशार आहे, मानही नीट दिसते, म्हणजे टर्नर सिंड्रोम (मुलींमध्ये एक एक्स गुणसूत्र पूर्ण किंवा अंशतः नसणं) नसणार. असं नाही हो. पसरट मान (बाजूंना कातडीची घडी) प्रत्येकीला नसते आणि बुद्धी बहुतेकींची चांगलीच असते.

माझा दवाखाना कोरेगावला. १३ वर्षांची पोरगी सर्दीसाठी आली होती. आई चांगली उंच, तरी म्हणते, “डॉक्टर, ही आजीवर गेलीय.” मूठ वळायला लावली तर चौथ्या बोटाच्या मुळाशी उंचवट्याऐवजी खळगा. खोदून विचारल्यावर आठवलं, जन्मली तेव्हा पावलं सुजलेली होती. कॅरिओटाइपला, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीला, नमुना पुण्याला पाठवला, ४५,एक्स निघालं, म्हणजे एक एक्स कमी, टर्नरच. तोवर दोन वर्षं टॉनिक चालू होतं, त्यातली एक बाटली माझीच!

साधारण २,००० ते २,५०० मुलींमागे एक, म्हणजे आपल्या ओपीडीतून एखादी निसटलेली असणारच. निदान झालं की आधी इको (हृदयाची सोनोग्राफी), आणि बीपी हातांबरोबर पायातही बघा, महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) अरुंद असू शकते. किडनीची सोनोग्राफी एकदा, थायरॉइड दरवर्षी, कानांकडेही लक्ष. ग्रोथ हार्मोन, इस्ट्रोजेन एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनतज्ज्ञ) ठरवतील, पण पाठवायचं आपणच आणि लवकर. आणि पाळी आली म्हणून टर्नर खोडू नका. मोझेइक, म्हणजे काही पेशींतच हा दोष असलेल्या, काहींना येते.