भाड्याचा धनादेश परत गेला. घरमालक आता पैसेही स्वीकारत नाहीत आणि धनादेशही परत देत नाहीत

प्रश्न

नमस्कार. आमचा लिव्ह अँड लायसन्स करार अकरा महिन्यांचा आहे आणि तो करतानाच घरमालकांनी दर महिन्याच्या पाच तारखेचे अकरा धनादेश माझ्याकडून सही करून घेतले होते. पहिले चार वेळेवर वटले. पाचव्या महिन्यात आमच्या कार्यालयाने पगाराची खाती दुसऱ्या बँकेत नेली, पगार नव्या खात्यात जमा झाला आणि जुन्या खात्यात भाड्यापुरते पैसे वळते करायचे माझ्याकडून राहून गेले. धनादेश ‘अपुरी शिल्लक’ या शेऱ्यासह परत गेला. चूक माझी आहे, त्याबद्दल वाद नाही.

त्याच संध्याकाळी मी त्यांना फोन करून माफी मागितली आणि पूर्ण भाडे, शिवाय त्यांच्या बँकेने कापलेले शुल्क, त्यांच्या खात्यावर पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रक्कम जशीच्या तशी माझ्या खात्यात परत आली. सोबत संदेश होता, ‘असे चालणार नाही, दंडासकट रोख आणून द्या.’ दंड म्हणजे अर्ध्या महिन्याचे भाडे! करारात दंडाचा उल्लेखच नाही. धनादेश न वटल्यास बँकेचे शुल्क परवानाधारकाने (म्हणजे मी) भरावे, एवढे एकच वाक्य आहे. मी रोख द्यायला नकार दिल्यावर ‘आठ दिवसांत जागा सोडा’ असे सांगण्यात आले, आणि चार दिवसांपूर्वी त्यांच्या वकिलांची नोटीस हाती पडली. धनादेशाची रक्कम, दंड आणि नोटिशीचा खर्च असे तिन्ही आकडे तीत वेगवेगळे लिहिलेले असून, पंधरा दिवसांत पैसे न भरल्यास कलम १३८ खाली फौजदारी तक्रार करू, असे म्हटले आहे.

मी एकदा पैसे पाठवलेले असताना तक्रार होऊ शकते का? आणि त्यांच्याकडे उरलेल्या सहा धनादेशांचे पेमेंट बँकेला सांगून थांबवावे का?

प्रतिसाद १

मी वकिली करतो, म्हणून आधी दिवस मोजतो. पराक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ प्रमाणे, धनादेश परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांत धनादेश घेणाऱ्याने लेखी मागणी करावी लागते, आणि ती नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम दिली नाही, तरच गुन्हा पूर्ण होतो. तक्रार करण्यासाठी त्यानंतर एक महिना असतो. म्हणजे आज तुमच्यावर कोणताही गुन्हा नाही, पण चार दिवस गेले असून अकरा उरले आहेत. नोटिशीचा लिफाफा जपून ठेवा, कारण ती तुम्हाला कोणत्या दिवशी मिळाली यावर सगळा हिशेब अवलंबून आहे.

तुम्ही पाठवलेले आणि त्यांनी परत केलेले पैसे तुमचा हेतू प्रामाणिक होता हे दाखवायला उपयोगी पडतील, परंतु रक्कम आज तुमच्याच खात्यात आहे, हे विसरून चालणार नाही. ‘मी दिले होते, त्यांनी घेतले नाहीत’ या वाक्यावर विसंबून पंधरा दिवस घालवणे हा मला सर्वांत मोठा धोका वाटतो.

नोटिशीत दंड घुसडला म्हणून ती रद्दबातल ठरेल, असा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. धनादेशाची रक्कम स्वतंत्रपणे सांगितलेली असेल तर जास्तीच्या मागण्यांमुळे नोटीस अवैध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सुमन सेठी प्रकरणात म्हटले आहे. मात्र त्याच तर्काने, फौजदारी बाजू मिटवण्यासाठी तुम्हाला फक्त धनादेशाची रक्कम द्यायची आहे. दंड आणि नोटिशीचा खर्च हा दिवाणी वाद आहे.

घरमालकांच्या नावाचा डिमांड ड्राफ्ट काढा आणि नोटिशीच्या उत्तरासोबत त्यांच्या वकिलांकडे स्पीड पोस्टाने पाठवा. उत्तरात धनादेशाचा क्रमांक, तारीख आणि महिना लिहून ‘ही रक्कम याच धनादेशापोटी आहे, अन्य कोणत्याही मागणीपोटी नाही’ असे स्पष्ट नमूद करा. हे वाक्य शोभेचे नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ५९ नुसार पैसे कोणत्या देण्यापोटी आहेत हे देणाऱ्याने सांगितले, तर घेणाऱ्याला ते त्याच देण्यात जमा करावे लागतात; सांगितले नाही, तर कलम ६० खाली निवड घेणाऱ्याची असते, आणि मग तुमच्या भाड्यातला काही भाग आधी दंडात वळवला गेला तर नवाच वाद उभा राहतो.

उरलेले धनादेश थांबवू नका. ‘पेमेंट थांबवले’ या शेऱ्याने परत गेलेला धनादेशही कलम १३८ च्या कक्षेत येऊ शकतो. जुन्या खात्यात पाच तारखेपूर्वी पैसे ठेवा, एवढेच. जागा सोडण्याबद्दल म्हणाल, तर करारात मुदतीच्या नोटिशीची अट काय आहे ते पाहा. फोनवर सांगितलेल्या आठ दिवसांना मी किंमत देणार नाही.

प्रतिसाद २

मी स्वतः घर भाड्याने देतो, त्यामुळे दुसरी बाजूही मांडतो. धनादेश परत गेला की ज्याने तो भरला त्याच्याही खात्यातून शुल्क जाते, आणि त्या भाड्यावर ज्याचा गृहकर्जाचा हप्ता अवलंबून असेल त्याचा हप्ताही चुकतो. तुमच्या घरमालकांचा राग मला समजतो. पण आलेले पैसे परत पाठवणे मला अजिबात समजत नाही. उशिरा आलेले पैसे घेतले तर आपली बाजू पडते, असे कोणीतरी त्यांच्या कानात भरवले असावे. करारात नसलेला दंड मागणे चूकच आहे. करारात असता तरी करार अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईपुरताच मिळतो. रोखीचा आग्रह मात्र कधीही मान्य करू नका, पावती हातात असल्याशिवाय तर नाहीच.

प्रतिसाद ३

दोन्ही प्रतिसादांत एक गोष्ट राहून गेली आहे: जुना धनादेश. माझ्याबाबतीत असेच घडले होते. मी परत गेलेल्या धनादेशाऐवजी नवा लिहून दिला, तो वटला, आणि जुना मागायचे मला सुचलेच नाही. धनादेश तारखेपासून तीन महिने चालतो आणि त्या मुदतीत पुन्हा बँकेत भरता येतो. सात आठवड्यांनी जुनाही भरला गेला. खात्यात पैसे होते म्हणून तो वटला आणि एकाच महिन्याचे भाडे दोनदा गेले. घरमालक ‘चुकून’ म्हणाले. ते पैसे परत मिळवायला मला दोन महिने लागले.

म्हणून ड्राफ्टसोबतच्या पत्रात मूळ धनादेश आणि त्याला जोडलेली बँकेची परतीची चिठ्ठी दोन्ही परत मागा. हाती आल्यावर धनादेशावर आडव्या दोन रेघा मारून ‘रद्द’ लिहा, सहीवरही रेघ मारा, आणि ड्राफ्टच्या छायाप्रतीला टाचून ठेवा. आणखी एक: ऑनलाइन पाठवलेल्या आणि परत आलेल्या रकमेच्या नोंदी असलेले खात्याचे पान आजच छापून घ्या.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. नोटीस मिळाल्याच्या सातव्या दिवशी ड्राफ्ट आणि उत्तर पाठवले, नवव्या दिवशी त्यांच्या वकिलांनी ते घेतल्याची पोच पोस्टाच्या संकेतस्थळावर दिसली. वकिलांचा फोन आला आणि ते अनपेक्षितपणे सौम्य बोलले. फौजदारी तक्रारीचा विषय आमच्याकडून संपला, असे म्हणाले, ते मी लेखी मागितले आहे. धनादेश व चिठ्ठी काल मिळाली. धनादेशाच्या कोपऱ्यावर बँकेचा शिक्का आणि मागे घरमालकांनी पेन्सिलीने केलेला दंडाचा हिशेब होता. अनामत रकमेतून तो दंड कापू, असे ते अजूनही म्हणतात. त्याला माझी संमती नाही, असे पत्र मी आज पाठवतो आहे, आणि त्यात करारातले ते एकच वाक्य शब्दशः उतरवले आहे.