विषय: आईचं वाकळीचं, रुखवताचं अन् महालक्ष्म्यांचं सामान कसं ठेवावं?

नमस्कार मंडळी,

सध्या अंबाजोगाईला माहेरी आले आहे. घराचा पुढचा भाग स्लॅबचा, मागच्या दोन खोल्या अजून माळवदाच्या, म्हणजे लाकूड-मातीच्या छताच्या. आईचं सगळं सामान मागेच आहे. वाकळीसाठी, म्हणजे गोधडीसाठी, जपलेली जुनी लुगडी अन् धोतरं, दाभणं, रिळं, गल्लीतल्या लेकींच्या रुखवतासाठी मणी, लोकर, टिकल्या, क्रोशाच्या सुया, शिवाय महालक्ष्म्यांची (गौरींची) सगळी आरास. बोचकी कॉटखाली, ट्रंका एकावर एक, बारीकसारीक बिस्किटांच्या डब्यांत. माळवदाची माती बारा महिने खाली गळते, पावसाळ्यात एका कोपऱ्याला ओल येते, अन् भावाची लेकरं आता कात्रीपर्यंत पोचतात.

झाकणाचे पारदर्शक डबे एकदमच आणून सगळं नीट लावून द्यावं असं मनात आहे. घरी ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगा. जुन्या पैठणीचे जरीचे काठही काढून ठेवलेले आहेत, त्यांचं विशेष विचारते.

– अंबाजोगाईची

*

बाळ,

डबे आणायची घाई करू नकोस. आधी आईला वाकळ शिवायला बसव आणि ती कोणत्या हातानं, कुठून काय घेते ते बघत राहा. आपण महिनाभर येतो, आपल्या डोक्याप्रमाणे घर लावतो आणि विमानात बसतो. मग आईला आपलीच सुई सापडत नाही. हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

आता किडीचं. लोकर आणि रेशीम खाते ती बारक्या पतंगाची अळी. उडणारा पतंग स्वतः काही खात नाही. खळीच्या कापडाला आणि कागदाला लागते ती चंदेरी कसर. म्हणून लुगडी धुऊन, खळ पूर्ण काढून, कडक वाळवूनच ठेवायची. घामाचा नाहीतर तेलाचा डाग राहिला तर सुती कापडालाही कीड लागते. लोकरीच्या लडी वेगळ्या ठेव. इकडे परदेशात राहणाऱ्यांना सांगते, लोकरीला अळी लागल्याची शंका आली तर पिशवी घट्ट बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा.

डांबरगोळ्यांबद्दल मात्र अगदी कळकळीनं लिहिते. बाळाच्या दुपट्यात, वाकळीत त्या कधीही घालू नका. काही बाळांच्या शरीरात जी-६-पीडी हे एन्झाइम कमी असतं. डांबरगोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांमुळे अशा बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून जोराची कावीळ झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. शिवाय हिंडत्याफिरत्या लेकराला ती गोळी खाऊच वाटते. त्यापेक्षा सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला आणि वेखंड पुरचुंडीत बांधून ठेव. त्यानं कीड मरत नाही, तेव्हा कापड अधूनमधून उघडून झटकणं आलंच.

काठांची जर खरी असेल तर तिच्यात चांदी असते, आणि गंधकानं चांदी काळी पडते. रबरबँडमध्ये गंधक असतो, लोकरीतही असतो, म्हणून दोन्ही जरीपासून लांब ठेव. काठांना घड्या घालू नकोस, घडीवर जर तुटते. जाड नळीला मलमल गुंडाळ, त्यावर काठ सैल गुंडाळ आणि वरून पुन्हा मलमल. रेशीम प्लास्टिकमध्ये कोंडायचं नाही.

– नांदेडच्या काकू

*

ताई, दोनच गोष्टी. भरलेल्या ट्रंका माळ्यावर चढवू नको. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आमच्याकडे दगडमातीची जड घरं माणसांवर कोसळली. तेव्हापासून आमच्या घरात झोपायच्या जागेच्या वर, माळ्यावर वजन ठेवत नाहीत. ट्रंक खालीच, चार विटांवर, भिंतीपासून वीतभर लांब, म्हणजे वाळवी चढताना डोळ्याला दिसते. आणि फेविकॉल, रंग, मेणाचे खडू पत्र्याखाली ठेवू नको, मे महिन्यात त्यांची वाट लागते.

– औशाचा

*

काकू, दादा, मनापासून आभार.

आईला बसवलं. ती उंबऱ्याजवळ उजेडाला बसते, उजवा हात कोनाड्यात जातो अन् दाभण, रीळ, मेणाचा तुकडा न बघता काढते. तो कोनाडा आम्ही तसाच ठेवला, फक्त वरून मातीसाठी एक फळी अन् पुढं जाड पडदा लावला. डब्यांचं विचारलं तर म्हणाली, "तू गेल्यावर ह्यातलं मला कोण काढून देणार गं?"

बोलता बोलता लक्षात आलं की तिच्या कामाचं वर्ष ठरलेलं आहे. दिवाळीनंतर वाकळी, लग्नसराईत रुखवत, श्रावण लागला की आरास. म्हणून वस्तूंप्रमाणे न लावता कामाप्रमाणे लावलं. ज्या कामाचे दिवस, ती ट्रंक पुढं. रुखवताच्या ट्रंकेत मणी, लोकर, सुया, डिंक सगळं एकत्र, लोकर तेवढी वेगळ्या पिशवीत बांधून. प्रत्येक कामाची कात्री वेगळी केली, म्हणून एकीऐवजी तीन लागल्या, पण शोधाशोध संपली. पारदर्शक डबे फक्त मणी-टिकल्यांना घेतले, कारण ते खरंच बाहेरून दिसावे लागतात. कात्र्या उंच खुंटीवरच्या पिशवीत गेल्या. लेकरांना त्यांचा स्वतःचा चिंध्यांचा डबा अन् बोथट सुई दिली. आता ती आजीच्या शेजारी बसून टाके घालतात.

आरास सगळ्यात नाजूक. मुखवट्यांवरचं हळदकुंकू अन् ओल पुसून प्रत्येक मुखवटा वेगळ्या सुती फडक्यात ठेवायचा, नथ अन् दागिने त्यावर घासू द्यायचे नाहीत. कोथळ्या, म्हणजे महालक्ष्म्यांची धडं, आतून कोरड्या झाल्याशिवाय मिटायच्या नाहीत. नेसवलेल्या साड्यांतल्या टाचण्या विसर्जनाच्या दिवशीच काढायच्या, नाहीतर गंजून रेशमाला डाग पाडतात. फराळ ज्या चादरीवर मांडला ती धुतल्याशिवाय ट्रंकेत जाऊ द्यायची नाही. हे सगळं आईनं सांगितलं, मी फक्त लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलं, तिला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.

महालक्ष्म्यांच्या आधी आपल्या मराठी मंडळातलं कुणी संभाजीनगरला उतरणार असेल तर मोठ्या नेढ्याच्या सुया अन् दोरा ओवायचं ते छोटं साधन आणाल का? वाकळीची उरलेली अर्धी बाजू आईला दिवाळीनंतर पुरी करायची आहे.

– अंबाजोगाईची